फार्नेल, चॅड व्हॅली की मेरीथॉट? पहिले जुने ब्रिटिश टेडी निवडताना

जुन्या ब्रिटिश टेडी अस्वलांचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्यासमोर बहुधा तीन नावे येतात: लंडनचे फार्नेल, बर्मिंगहॅमच्या हार्बोर्न भागातले चॅड व्हॅली आणि श्रॉपशायरमधील आयर्नब्रिजचे मेरीथॉट. तिघांचीही जुनी अस्वले मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांपासून विणलेल्या लवदार कापडाची असत. पहिल्या महायुद्धात जर्मन खेळण्यांची आवक बंद पडली आणि ब्रिटिश अस्वलांना आपल्याच देशात मोकळी बाजारपेठ मिळाली. पुढे त्यांच्या पोटातला लाकडाचा कुरळा कीस कमी होऊन त्याजागी केपॉक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद, येऊ लागला. म्हणूनच ही अस्वले हाताला मऊ आणि वजनाला हलकी लागतात.

फार्नेल हे तिघांत सर्वांत जुने घराणे. 1840 साली लहानसहान शिवणवस्तूंपासून सुरू झालेल्या या व्यवसायाचे अस्वल 1921 मध्ये लंडनच्या हॅरॉड्समधून लेखक ए. ए. मिल्न यांच्या एका वर्षाच्या मुलासाठी, ख्रिस्तोफर रॉबिनसाठी, विकत घेतले गेले आणि तेच पुढे मिल्न यांच्या गोष्टींतले ‘विनी द पू’ म्हणून जगभर पोचले. या कीर्तीचा भार किमतीवर पडतो. लांब हात, पुढे आलेले तोंड आणि दाट मोहेर यांमुळे फार्नेल देखणे असते यात शंका नाही. मात्र सुरुवातीच्या अनेक अस्वलांवर आज कंपनीच्या नावाची शिवलेली चिठ्ठी नसते, त्यामुळे नवख्याला विक्रेत्याच्या शब्दावरच पैसे मोजावे लागतात. कारखाना 1934 मध्ये आगीत सापडला, पुन्हा उभा राहिला आणि 1968 मध्ये कायमचा बंद झाला.

मेरीथॉटची सुरुवात 1930 सालची. त्याच्या उभारणीत फार्नेलमधून आलेले जानिश आणि चॅड व्हॅलीमधून आलेले रेंडल हे दोघे होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पंजावरची नखे एका आडव्या धाग्याने जोडणारी जाळीदार शिवण फार्नेल आणि मेरीथॉट या दोघांच्याही अस्वलांवर सापडते, आणि तेवढ्याच पुराव्यावर मेरीथॉट अस्वल फार्नेल म्हणून विकले जाऊ शकते. याउलट 1957 मध्ये आलेले ‘चीकी’ ओळखायला सोपे: मोठे कान, कानांत घुंगरू आणि मखमली तोंड. आयर्नब्रिजचा कारखाना आजही चालू आहे, पण तिथल्या नव्या मर्यादित आवृत्त्या आवडल्या तरच घ्याव्यात, किंमत वाढेल या आशेने घेऊ नयेत.

चॅड व्हॅलीचा मोठा गुण त्याच्या चिठ्ठीत आहे. 1938 मध्ये या कंपनीला सहाव्या जॉर्ज राजाच्या पत्नीकडून, राणी एलिझाबेथकडून, राजमान्यता मिळाली आणि तळपायावरच्या चिठ्ठीत राणीचे नाव येऊ लागले. 1952 मध्ये राजाचा मृत्यू झाल्यावर राणी राजमाता झाली, म्हणून नंतरच्या चिठ्ठीत ‘क्वीन मदर’ असे शब्द आले. त्या एका ‘मदर’वरून अस्वल कोणत्या काळातले ते कळते, इतकी सोय इतर दोघांकडे नाही. फक्त हे नाव आजच्या स्वस्त खेळण्यांवरही असते, तेव्हा ऑनलाइन शोधताना सावध राहावे.

माझे मत विचाराल तर पहिले अस्वल चिठ्ठी शाबूत असलेले चॅड व्हॅली किंवा जुने चीकी असावे आणि फार्नेलकडे हात बसल्यावर, तेही ‘अल्फा’ हे फार्नेलचे नाव असलेली चिठ्ठी पाहूनच, वळावे. मोहेर विरळ झालेले असले तरी चालते, पण तळपायाचे कापड बदललेले असेल तर बहुतेक वेळा चिठ्ठीही त्याच्याबरोबर गेलेली असते. कापड खाणारी कसर लागलेली मात्र अजिबात चालवून घेऊ नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अस्वल हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडले तर आतल्या भरणाला दमट वास धरतो. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवणे बरे.