गच्चीचा पांढरा रंग: उकाड्यावर उतारा, गळतीवर नव्हे

परवडणाऱ्या घरांच्या इमारतीत उन्हाचा सगळा मारा शेवटच्या मजल्यावर पडतो. डोक्यावर जेमतेम १०० ते १२५ मिलिमीटरचा स्लॅब, खाली गिलावा, मध्ये उष्णता अडवणारं काही नाही. त्यावरचा सोपा उपाय म्हणून २० लिटरच्या बादलीत येणारं पांढरं अ‍ॅक्रिलिक ‘कूल रूफ’ कोटिंग घेतलं जातं. माल चांगला आहे, पैसे वसूल होतात. फसगत होते ती लावताना, आणि त्याआधी जाहिरात वाचताना.

भर दुपारी निरभ्र आकाशाखाली गच्चीच्या दर चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडतं. जुनं राखाडी काँक्रीट त्यातलं ७०० वॉटच्या आसपास शोषतं, नवा पांढरा थर सुमारे २००. त्यामुळे ६० अंशांपर्यंत तापणारा स्लॅब हवेच्या तापमानापेक्षा थोडाच वर राहतो. खालच्या खोलीत हवेचा फरक २ ते ४ अंशांचा, पण जाणवतो त्याहून जास्त, कारण छत स्वतः भट्टीसारखं धगत नाही. दुपारी स्लॅबमध्ये शिरलेली उष्णता खाली उतरायला तीन-चार तास घेते. म्हणून खरी परीक्षा दुपारी नव्हे, संध्याकाळी करावी. बाहेर गार व्हायला लागलं तरी छताला हात लावल्यावर चटका जाणवत असेल, तर थर कमी पडला आहे.

‘वीजबिल एवढे टक्के कमी’ ही ओळ एसी असलेल्या घरापुरती. पंख्यावर भागवणाऱ्या घरात पंखा तेवढाच वेळ आणि तेवढ्याच वॉटवर फिरतो. तिथे मिळते ती झोप, बचत नव्हे. अर्थात पुढे एसी घ्यायची वेळ टळली, तर तीही बचतच.

घेताना बादलीवरचे तीन आकडे बघा. पहिला एसआरआय, म्हणजे उन्हात पृष्ठभाग किती थंड राहतो त्याचं माप. या मापात ठरावीक काळा पृष्ठभाग शून्य आणि ठरावीक पांढरा १००. नव्या थराचा आकडा १०० च्या वरही छापलेला असतो, पण तो पहिल्या दिवसाचा. धूळ, काजळी, शेवाळ बसल्यावर काय उरतं ते तीन वर्षांनंतरचा आकडा सांगतो. तो छापलेलाच नसेल, तर मागून घ्या. दुसरा आकडा उत्सर्जनक्षमतेचा, म्हणजे तापलेला पृष्ठभाग उष्णता किती सहज सोडून देतो त्याचा. तो ०.८५ च्या खाली नको. तिसरा घनांश, म्हणजे सुकल्यावर मालातलं किती उरतं ते, आणि तो आकारमानाने हवा. वजनाने सांगितलेला टक्का नेहमी फुगीर दिसतो, कारण पांढरं रंगद्रव्य जड असतं.

‘नॅनो’, ‘सिरॅमिक मणी’, ‘इन्सुलेशन पेंट’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या थरात काहीही मिसळलं, तरी ५० मिलिमीटरच्या फोम शीटशी त्याची बरोबरी होत नाही. फरक शेकडो पटींचा आहे. हा थर ऊन परतवतो, उष्णता रोखून धरत नाही. त्याच ओघात अ‍ॅल्युमिनियम रंगाच्या प्रात्यक्षिकाबद्दल: विक्रेता इन्फ्रारेड थर्मामीटर रोखतो आणि चकचकीत पृष्ठभागाचा आकडा एकदम खाली दाखवतो. यंत्र ०.९५ उत्सर्जनक्षमतेवर लावलेलं असतं आणि चकाकणारा धातू उष्णता कमी सोडतो, म्हणून वाचन खोटं येतं. पृष्ठभागावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून पाच मिनिटांनी त्या टेपवर मोजायला सांगा.

आता प्रमाण. सुकल्यावर ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) जाडी हवी आणि आकारमानाने घनांश ५० टक्के असेल, तर चौरस मीटरला ०.८ लिटर माल लागतो. १०० चौरस मीटर गच्चीला ८० लिटर, म्हणजे चार बादल्या. खरबरीत कोब्याला त्याहून जास्त. कामगार तीन बादल्यांत २० लिटर पाणी घालून तेवढीच गच्ची पांढरीशुभ्र करून देतात, आणि थर ३०० मायक्रॉनचा उरतो. वरून कळत नाही. पावसाळा उलटला की राखाडी डाग वर येतात. म्हणून सीलबंद बादल्या आधी मोजा आणि रिकाम्या झालेल्या काम संपेपर्यंत हलवू देऊ नका. पाणी फक्त प्रायमरमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या थरात, तेही कंपनीने सांगितलं तेवढंच.

कामाचा निम्मा वेळ तयारीत जायला हवा. शेवाळ ब्लीचिंगच्या पाण्याने मारून ब्रशने घासा, सुटे पोपडे खरवडून काढा, धुऊन पूर्ण वाळवा. संध्याकाळी प्लास्टिकचा कागद चारी कडांनी टेपने चिकटवून सकाळी उचला. खाली दव जमलं असेल, तर स्लॅबमध्ये ओल आहे आणि वरचा थर फुगे धरणार. भेगा ‘व्ही’ आकारात कापून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरा. कठडा आणि गच्ची मिळतात तिथे गोल वाटा (कोपरा बुजवणारी मसाल्याची गोलाई) काढा आणि त्यावर फायबरची जाळी दाबा, कारण पहिली फाट तिथेच पडते. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवस थांबा.

दुसरा हात पहिल्याला आडवा, मध्ये किमान चार ते सहा तास. भर उन्हात तापलेल्या स्लॅबवर लावलं तर वर साय धरते, खालचं पाणी अडकतं आणि फोड येतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर लावा, आणि पुढचा पूर्ण दिवस कोरडा जाईल याची खात्री करा.

सर्वांत मोठी उणीव साचलेल्या पाण्याची. अ‍ॅक्रिलिक सतत पाण्याखाली राहिलं की मऊ पडतं आणि सालीसारखं निघतं. गच्चीला १०० ला १ एवढा तरी उतार नसेल, तर आधी खड्डे भरा, नाही तर सरळ पीयू किंवा सिलिकॉनचा पर्याय घ्या. महाग पडेल, पण टिकेल. बारीक केसासारख्या भेगा हा थर झाकतो. स्लॅबमधून झिरपणारं पाणी त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि वॉरंटीच्या कागदावर साचलेलं पाणी सहसा वगळलेलंच असतं.

वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुतलं की गेलेली चमक बरीचशी परत येते. तारेचा ब्रश नको.

चुना याच्या कितीतरी स्वस्त. नवा असताना ऊनही चांगलं परतवतो, पण पहिल्या जोरदार सरीत जातो. एका उन्हाळ्यापुरता उत्तम. पांढऱ्या टाइलचे तुकडे खूप वर्षं टिकतात आणि चालण्याने झिजत नाहीत, मात्र मसाल्यासकट चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास भार वाढतो. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ते करू नये.

चार मजली इमारतीत या रंगाचा फायदा चौथ्या हिश्श्याच्या घरांना, वीस मजलीत विसाव्या हिश्श्याला. उंच इमारतीत तोच पैसा पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून सावली धरण्यात घालावा. शेजारी उंच इमारत असेल, तर तिथल्या खिडक्यांत तिरीप जाते का हे रंग लावायच्या आधी एक पांढरी चादर गच्चीवर पसरून बघता येतं.