हाडाला चिकटलेला पुढचा दात: शिखर कापावं की उपदाढ लावावी?

मार लागून निघालेला मुलाचा पुढचा दात परत बसवला, पक्का झाला, घरचे निश्चिंत झाले. पुढे तोच शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो. जबडा वाढतो, हा हाडाला चिकटल्याने जागीच. आरशाच्या दांड्याने ठोकला की टणटण वाजतो. तारा लावून ओढायला गेलात तर आधाराचे दातच त्याच्याकडे झुकतात.

एक उपाय डीकॉरोनेशन, म्हणजे फक्त शिखर (दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग) कापायचं आणि मूळ हिरडीखाली ठेवायचं. १९८४ मध्ये मांडलेली ही युक्ती मला फार आवडते: शरीर ते मूळ हळूहळू झिजवतं, जागी हाड भरतं, त्यामुळे जबड्याच्या हाडाच्या कड्याची रुंदी बरीचशी टिकते. वाढीची उसळी येण्याआधी केलं तर हाडाची उंचीही मिळते. खोट एकच, पण मोठी: इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) वाढ थांबल्यावरच, कारण तोही चिकटलेल्या दातासारखाच वागतो. तोवर वर्षानुवर्षं तात्पुरता दात.

दुसरा उपाय: मुलाचीच एक उपदाढ (सुळा आणि दाढांमधला छोटा दात) मुळासकट काढून या जागी लावायची. उपदाढ लावली तर दात स्वतःचा, जबड्याबरोबर वाढणारा, नंतर तारांनी हलवताही येणारा. पण चिकटलेला दात आधी काढावा लागतो आणि त्यात पुढची पातळ हाडपट्टी तुटू शकते. शस्त्रक्रिया नाजूक, हात सरावलेलाच हवा. वर कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) पुढच्या दाताचा आकार देणं आलंच.

दातांची गर्दी असल्याने उपदाढ काढायचीच आहे आणि तिचं मूळ अर्धं ते पाऊण तयार आहे? मग उपदाढच. ती वेळ टळली किंवा काढण्याजोगी उपदाढच नाही, तर डीकॉरोनेशन. दात किंचितच आखूड राहिला असेल आणि वाढ संपत आली असेल, तर दोन्ही सोडा. कंपोझिटने लांबी वाढवून भागतं.