लॅम्प्स: पाण्यासाठी झकास, प्रोटॉनसाठी जरा जपून

फ्युएल सेलच्या नॅफिऑन (प्रोटॉन वाहून नेणारं पॉलिमर) पडद्यात पाणी आणि प्रोटॉन कसे सरकतात ते बघायला दोन वर्षं लॅम्प्स (LAMMPS, अणू-रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) वापरतोय, म्हणून लिहितोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मूळ पेपर १९९५चा म्हणजे चांगलं मुरलेलं सॉफ्टवेअर, आणि मॅन्युअल तर इतकं सविस्तर की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पण आल्या आल्या पॉलिमर तयार मिळेल या भ्रमात राहू नका, साखळ्या दुसऱ्या कशात तरी बांधून डेटा फाइल आपल्यालाच आणावी लागते. माझा सिम्युलेशनचा बॉक्स अगदी छोटा, ४ साखळ्या, प्रत्येकीवर १० सल्फोनेट (पॉलिमरवरचे ऋणभारित गट), आणि लॅम्डा १५ म्हणजे दर सल्फोनेटमागे १५ पाणी. मी सरळ ६०० पाणी टाकलं आणि वर ४० हायड्रोनियम (प्रोटॉन चिकटलेला पाण्याचा रेणू), आठवडाभर रन केल्यावर लक्षात आलं की हायड्रोनियमपण त्या १५ मध्येच धरायचा असतो, म्हणजे पाणी ५६० हवं होतं! चूक शंभर टक्के माझी, पण सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, जे द्याल ते चालवतं.

मग 'लॉस्ट ॲटम्स' ही एरर. साखळ्या एकमेकींत घुसलेल्या असल्या की मिनिमायझेशन (ऊर्जा कमी करत अणू सैल बसवणं) नीट झाल्याशिवाय अणू बॉक्सबाहेर उडतात आणि रन बंद. ही एरर दाबून टाकायचा पर्याय आहे, तो कृपया वापरू नका, तापमान हळूहळू ६०० केल्विनपर्यंत नेऊन परत खाली आणा, दोन-चार फेऱ्या करा, घनता जागेवर येते.

पाण्याचं डिफ्युजन मात्र मस्त मिळतं. एमएसडीची (रेणू किती सरकले त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) कमांड तयार आहे, फक्त सगळा बॉक्सच सरकत असेल तर ते सरकणं वजा करायचा ऑप्शन डिफॉल्टला बंद असतो, तो आठवणीने चालू करा. आणि लॅम्डा ३ वगैरे असेल तर १ नॅनोसेकंदावर खूश होऊ नका, एमएसडी आणि वेळ यांच्या लॉग-लॉग आलेखाचा उतार १ च्या खालीच असतो, पाणी अजून सल्फोनेटभोवतीच घुटमळतंय. पाण्याचं मॉडेलपण बघून घ्या, टिप३पी पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून जास्त वेगाने पळतं, एसपीसी/ई बरंच जवळ येतं.

आता खरी गोम. साध्या फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांची सूत्रं) हायड्रोनियमचे बंध पक्के, म्हणजे प्रोटॉन एका पाण्यावरून दुसऱ्यावर उडीच मारू शकत नाही, अख्खा हायड्रोनियम ओझ्यासारखा वाहून न्यावा लागतो. खऱ्या साध्या पाण्यात प्रोटॉन पाण्याच्या साधारण चौपट वेगाने पसरतो तो या उड्यांमुळेच. पडदा कोरडा असेल तर उड्या तशाही कमीच, तिथे उत्तर फार चुकत नाही, पण पडदा भिजला की आकडा सपशेल कमी येतो, आणि दिसायला इतका नीटनेटका दिसतो की शंकाच येत नाही. उड्या हव्यात तर रिॲक्सएफएफ (बंध तुटू-जुळू देणारं फोर्स फील्ड) यातच आहे, पण टाइमस्टेप (गणनेची एकेक पायरी) ०.२५ फेम्टोसेकंदाच्या आसपास ठेवावा लागतो आणि रन रांगत चालतो, शिवाय तुमच्या पॉलिमरसाठी तपासलेले पॅरामीटर शोधत बसा. एमएस-ईव्हीबी (प्रोटॉनच्या उड्या धरणारी दुसरी पद्धत) त्यापेक्षा बरं म्हणतात, ते अजून हाताळलेलं नाही.

पाचपैकी चार स्टार. पाणी बघायचं असेल तर डोळे झाकून घ्या, प्रोटॉनची कंडक्टिव्हिटी (वहनक्षमता) काढायची असेल तर आधी हायड्रोनियमचं काय करणार ते ठरवा आणि मगच क्लस्टरवर जॉब टाका.