एम.एस्सी. झूलॉजी आणि माझी ८×४२ दुर्बीण: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, पाल्हाळ मागाहून. झूलॉजीला प्रवेश घेतला असेल तर पहिल्याच सेमिस्टरला एक बरी ८×४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण घ्या. त्यासाठी लॅपटॉप जरा स्वस्तातला घ्यावा लागला तरी बिघडत नाही. माझी दहा-अकरा हजारांतली, मधल्या दर्जाची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याविषयी दोन कडू शब्द येणार आहेत आणि या किमतीतल्या बहुतेक दुर्बिणी एकमेकींच्या चुलतबहिणीच असतात. एक अख्खा पावसाळा, पाहुण्या पक्ष्यांचा हिवाळा आणि सध्याचा हा घामटा उन्हाळा तिने माझ्या गळ्यात काढलाय.

आमच्या आधीच्या पिढीची पहिली खरेदी डिसेक्शन बॉक्स असायची. कात्री, चिमटे, सुया, मेणाचा ट्रे आणि दिवसभर हाताला चिकटलेला फॉर्मॅलिनचा वास. युजीसीने २०१४ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतली प्राण्यांची चिरफाड बंद करायला सांगितली आणि तो डबा अडगळीत गेला. आम्ही बेडकाचं हृदय स्क्रीनवर उघडतो. मला त्याची खंत नाही, पण स्क्रीनवरचा बेडूक दर वेळी तेच करतो. जिवंत प्राणी काय करतो हे बघायचं तर बाहेर जावं लागतं, आणि बाहेरचा प्राणी आपल्याला जवळ येऊ देत नाही. दुर्बिणीची गरज नेमकी इथे लागते.

माझा गोव्यातला रोजचा रस्ता डिचोली, मये, चोडण, मग फेरीबोटीने रायबंदर आणि पणजीवरून ताळगावचं पठार, जिथे विद्यापीठ आहे. चोडणच्या धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. म्हणजे जाता-येता फुकटात फील्डवर्क. फेरीवर उभं राहिलं की डोक्यावर ब्राह्मणी घारी, खांबांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, हिवाळ्यात कुरव. दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण का घेतली नाही, असं मला सारखं विचारतात. त्यांनी एकदा चालत्या फेरीवर मैत्रिणीची १०× डोळ्याला लावून बघावी. पक्षी दहा पट मोठा दिसतो तसा हाताचा कंपही दहा पट होतो, त्यात इंजिनाची थरथर वेगळी. ८× मध्ये चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं आणि आवाकाही मोठा मिळतो. माझ्या दुर्बिणीचा कोन साडेसात अंशांचा आहे, म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत. उडता पक्षी नजरेत धरायला तो लागतोच.

दुसरा आकडा, ४२, हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, त्यामुळे तिन्हीसांजेला किंवा मोलेच्या दाट रानात ही दुर्बीण टिकून राहते. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये हाच हिशेब अडीचवर येतो. भर दुपारी मोरजीच्या किनाऱ्यावर ती चालेलही, पण बोंडल्याच्या झाडीत, सकाळच्या अंधुक उजेडात गोव्याचा राज्यपक्षी असलेला केशरी गळ्याचा बुलबुल समोर आला तर त्याचा गळा काळा की केशरी एवढंही धड कळणार नाही.

पक्ष्यांबद्दल इतकंच, कारण पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्या हे सगळेच सांगतात. मला ती वसूल झाली कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधाकडेला, मानशीच्या (पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) पलीकडे ओहोटीला चिखल उघडा पडला की फिडलर कुर्ल्या बिळांतून वर येतात. नराचा एक डेंगा (नांगी) अवाढव्य. काही जातींत तर एकूण वजनाचा निम्म्याजवळचा भाग त्या एका डेंग्याचा असतो. दुसरा इवलासा, खाण्यापुरता. मादीचे दोन्ही छोटे. माणसाचं पाऊल वाजलं की सगळा चिखल एका क्षणात रिकामा होतो. मग बांधावर फतकल मारून गप्प बसायचं. हळूहळू आधी देठावरचे डोळे वर येतात, मग अंग. माझी दुर्बीण दोन मीटरपर्यंत फोकस होते (कागदावर, प्रत्यक्षात थोडं जास्त अंतर लागतं). चार मीटरवरची कुर्ली आठ पटीत बघायची म्हणजे ती अर्ध्या मीटरवर आल्यासारखीच. तेवढ्यावरून नर छोट्या डेंग्याने चिखल तोंडात भरताना दिसतो, तोंडातले केसाळ अवयव त्यातलं खाण्याजोगं वेगळं करतात आणि उरलेल्या मातीची गोळी खाली टाकली जाते. बिळाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी पडते. मधेच मादी जवळून गेली की मोठा डेंगा वर, बाहेर, खाली. पुन्हा वर, बाहेर, खाली. शेजारचाही तेच करू लागतो. कोणाचा मोठा डेंगा डावीकडे, कोणाचा उजवीकडे, हेही दुर्बिणीतून सहज टिपता येतं. बहुतेक जातींत दोन्ही जवळपास सारखेच भरतात, काहींत मात्र जवळजवळ सगळेच उजवे.

माझा प्रोजेक्ट याच हातवाऱ्यांवर आहे. पद्धत जुनी आणि साधी. १९७४ साली जीन ऑल्टमन यांनी वर्तनाच्या नोंदी घेण्याच्या पद्धती नीट मांडल्या, त्यातली फोकल सॅम्पलिंग. एकच प्राणी निवडायचा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं, तो काहीच करत नसला तरी. बाजूला कितीही नाट्य घडो, नजर हलवायची नाही. यात दुर्बीण डोळ्यावरून काढता येत नाही, म्हणून मी बोलते आणि मैत्रीण वहीत लिहिते. तिची भरती-ओहोटीच्या वेळांची पाठांतरं आता माझ्यापेक्षा पक्की आहेत. असं अर्धा-पाऊण तास चाललं की साडेसहाशे ग्रॅम म्हणजे काय ते खांद्याला कळतं. बिजागरीच्या टोकाला टोपी काढून ट्रायपॉड लावायची सोय आहे, मात्र त्याचा एल-आकाराचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. तो डब्यातच का देत नाहीत, देव जाणे.

आता पावसाळा. गोव्यात दुर्बीण घेताना भिंगाइतकाच दमटपणाचा विचार करा. वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेलीच घ्या. नायट्रोजन कोरडा असल्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरून धरतेच. एसी लॅबमधून निघून जुलैच्या हवेत आलं की दोन्ही भिंगं पांढरी. पुसत बसू नका, थोडा वेळ थांबलं की आपोआप निवळतात. खरी भीती बुरशीची. एका ओळखीच्याने आपली जुनी दुर्बीण गणपतीपर्यंत कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवली. उघडली तर प्रिझमवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. ते कापडाने निघत नाहीत, दुर्बीण खोलावीच लागते. मी माझी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की गरम करून पुन्हा वापरायच्या. तांदळात ठेवायचा सल्ला घरोघरी मिळेल. तांदळाचं पीठ भिंगावर बसतं, ते नको. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग ओलसर कापडाने मीठ टिपायचं, मग कोरडं पुसायचं. वाळूसकट पुसलंत तर भिंगावरचं कोटिंग गेलं म्हणून समजा.

पावसाळ्यातल्या रात्रीच्या बेडकांसाठी दुर्बिणीचा उपयोग शून्य. जांभ्या सड्यावर (खडकाळ पठारावर) रात्री फिरायचं तर चांगला हेडलॅम्प आणि गमबूट. पैसे कमी असतील आणि तुमचा जीव बेडकांतच असेल तर आधी तेच घ्या.

कडू शब्द. पुढच्या भिंगांची रबरी झाकणं इतकी सैल होती की एक सरळ मांडवीत गेलं. सोबतचा पट्टा मान कापणारा आहे. क्रॉस हार्नेस घातल्यावर बरं वाटलं. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची डायॉप्टर रिंग बॅगेत घासून फिरते, म्हणून माझ्या नंबरावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कड) पूर्ण खाली करून बघावं, कडेचं वर्तुळ कापलं जात असेल तर ती दुर्बीण परत ठेवावी. उन्हात मोठ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसते. या किमतीत ती दिसणारच, मी सोडून दिलंय. लहान बगळ्याचे पिवळे पंजे आणि मोठ्या बगळ्याची डोळ्यामागे गेलेली तोंडाची रेघ स्पष्ट दिसते ना, मग झालं. आयकप ढिला झाला तेव्हा सर्व्हिससाठी दुर्बीण मुंबईला पाठवावी लागली. कुरिअरचा खर्च माझा, फोन उचलायचा कंटाळा त्यांचा, आणि ऐन हिवाळ्याचे कित्येक आठवडे मी दुर्बिणीविना. घेताना गोव्यात किंवा निदान बेळगावात दुरुस्ती होते का, हे विचारा.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, दुर्बीण काढली की लोक थांबतात. मयेत एका आजींनी विचारलं, "बाय, कोणाच्या घरात बघतेस?" त्यांचं चुकलं नाही. मी पट्टा काढून दुर्बीण त्यांच्या हातात दिली, समोरच्या माडावरचा खंड्या दाखवला. त्यांनी खंड्या बघितला, मग लगेच वळून शेजारणीचं अंगण बघितलं. तेव्हापासून तिथे मला कोणी हटकत नाही. मुलींनी एकटीने खाजनात बसायचं असेल तर ही ओळख आधी करून घ्यावी. घरांकडे तोंड करून दुर्बीण लावायची नाही, हा नियम मी स्वतःला घातलाय.

कोणी घेऊ नये? ज्यांचं काम मॉलिक्युलर लॅबमध्ये, माशांच्या नमुन्यांवर किंवा प्लँक्टनवर आहे, त्यांनी. त्यांना दहा पटीचं हातभिंग काही शे रुपयांत मिळतं आणि ते जास्त उपयोगी. बाकीच्यांनी दुकानात भर उजेडात समोरची पाटी वाचून दुर्बीण पसंत करू नये. संध्याकाळी जा, दुकानाबाहेर या, एखाद्या झाडाच्या सावलीतल्या फांदीवर फोकस करा आणि फांदीची साल दिसते का बघा. ऑनलाइन घेणार असाल तर आधी कोणाची तरी मागून करमळीच्या तळ्यावर न्या. स्टेशनपासून चालत जाता येतं. हिवाळ्यात तिथे अडया (रानबदकं) आणि कमळपक्षी असतात. कमळपक्ष्याची लांब बोटं पानावर वेगवेगळी मोजता आली तर दुर्बीण ठीक आहे, ऑर्डर करा.