आजीवन मालकीचे प्रमाणपत्र आणि ४४,८६० रुपये

रक्कम आधी सांगतो, म्हणजे पुढे कोणाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. आगाऊ म्हणून १,१८० रुपये, नावाची किंमत म्हणून २१,२४० रुपये, त्या नावाच्या 'संरक्षणा'साठी ९,४४० रुपये आणि ते नाव छापून घेतलेल्या दोन हजार पाकिटांचे १३,००० रुपये, असे मिळून ४४,८६० रुपये संकेतस्थळाच्या एका नावापायी गेले. हे पैसे माझे नव्हते. माझी पत्नी ज्या महिला बचत गटाची सचिव आहे त्या गटातील दहा जणींचे ते होते आणि त्यांना या भानगडीत उतरवणारा मी होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस अठरा टक्क्यांचा हिशेब अचूक करून फसला, हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो आहे, कारण तोंडावर 'गुरुजी' म्हणणारे गावकरी माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही.

आमचे गाव वर्धा नदीच्या काठावर आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून विदर्भातल्या हळदीची चौकशी पुण्या-मुंबईकडून होऊ लागली, आणि आमच्या गटानेही हळद शिजवून, वाळवून, दळून अर्ध्या किलोच्या पाकिटांत विकायला सुरुवात केली. २०२४ च्या संक्रांतीच्या बऱ्याच आधी गटाने हळदीकुंकवाचे वाण म्हणून छोट्या पुड्या केल्या, त्या नागपुरात माझ्या मेहुणीच्या ओळखीतल्या घरोघरी पोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी 'तुमचे संकेतस्थळ आहे का' अशी विचारणा आली. तेवढ्याने मी हुरळलो.

नाव निवडण्याच्या कामात मी हलगर्जीपणा केला असे कोणी म्हणू नये, कारण त्या नावावर आम्ही चार दिवस डोके घासले होते. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, एका भागात ६३ अक्षरे चालतात हे वाचून मी आधी गटाचे संपूर्ण नाव लिहून काढले होते. ते रोमन लिपीत ३१ अक्षरांचे झाले आणि मलाच दोनदा टाइप करता आले नाही. मग 'वायगाव' हा शब्द घालावा असे वाटले, पण ते मानांकन तिथल्या उत्पादकांचे आहे, आम्ही त्यावर हात मारणे योग्य नव्हते. शेवटी 'हळद' हा शब्द ठेवून एक आठ अक्षरी नाव ठरले आणि मी मेहुणीला फोन करून ते नुसते ऐकून लिहायला सांगितले. तिने 'एच-ए-एल-डी-आय' असे हिंदी वळणाने लिहिले. आपला 'ळ' रोमन लिपीत उतरतच नाही, 'हळद' एकजण एका तऱ्हेने लिहितो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने, त्यामुळे तो शब्दच काढून टाकला. आकडे नकोत, मधली आडवी रेघ नको, फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला बरोबर टाइप करता आले पाहिजे, या कसोट्या मी स्वतः ठरवल्या होत्या आणि त्या आजही बरोबर आहेत. चौथ्या दिवशी मिळालेले नाव तीन जणांना फोनवर सांगितले, तिघांनीही ते जसेच्या तसे लिहिले. ते नाव मी इथे देत नाही, कारण ते अजून फसवणाऱ्याच्याच ताब्यात आहे आणि तुम्ही उघडून पाहिलेत तर त्याचा भाव वाढेल.

मंगळवार, १६ जानेवारी २०२४ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास मी एका नोंदणीदाराच्या, म्हणजे अशी नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर ते नाव तपासले. डॉट कॉममध्ये ते मोकळे होते आणि वर्षाचे भाडे हजार-दीड हजारांच्या घरात दाखवत होते. त्या क्षणी कार्ड काढून पैसे भरले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण ऑनलाइन व्यवहारात फसवणूक होते असे ऐकून होतो. होय, हसू शकता. म्हणून 'जाणकाराकडून घेऊ' असे ठरवले. एका माजी विद्यार्थ्याने नागपूरच्या एका संकेतस्थळ बनवून देणाऱ्या तरुणाचा क्रमांक दिला होता. त्याला रात्री ८ वाजून ५१ मिनिटांनी ते नाव लिहून पाठवले, आणि त्याने मागितलेले १,१८० रुपये आगाऊ लगेच भरले.

सकाळी दहा वाजता त्याचा फोन आला. "सर, ते नाव तर गेलं नं. तीन महिने झाले, बाहेरच्या पार्टीनं धरून ठेवलं आहे. पण आपली ओळख आहे, बोलून काढून देतो." किंमत १८,००० रुपये आणि वर कर.

मी हे फोनवर बोलत असताना पत्नी सुपात हळकुंडे निवडत समोर बसली होती. फोन ठेवताच ती म्हणाली, "काल रात्री तं तुमीच म्हटलं ना, नाव खाली आहे म्हणून? मंग तीन महिन्यांपासून कसं गेलं?" तिने हात थांबवून मला हे विचारले आणि मी तिला म्हणालो, "तुला यातलं कळत नाही." सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने एका वाक्यात मांडलेली विसंगती मला गणिताच्या मास्तरला दिसली नाही, किंवा दिसली आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली. काल रात्री स्वतःच्या डोळ्यांनी मोकळे पाहिलेले नाव तीन महिन्यांपूर्वी विकले गेलेले असूच शकत नाही. मी स्वतःलाच समजावले की माझ्या मोबाइलवर जुनी माहिती दिसली असेल, जाणकारांना आतले दिसत असेल. चार दिवस झिजून काढलेले नाव हातचे जाते या भीतीने माणसाची बुद्धी चालेनाशी होते, आणि त्या मुलाला हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. दुपारी गटाच्या खात्यातून २१,२४० रुपये गेले.

पावतीवर अठरा टक्के जीएसटी लावला होता. १८,००० चे अठरा टक्के ३,२४०, बेरीज बरोबर, असे मी पेन्सिलने बाजूला लिहून खूण केली. ती पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर जीएसटी क्रमांकच नाही. हा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे नाव समोर येते, एवढे काम दोन मिनिटांचे होते. बेरीज तपासण्याआधी क्रमांक तपासा.

सोबत एक रंगीत प्रमाणपत्र आले, 'आजीवन मालकी' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले. आम्ही ते लॅमिनेट करून गटाच्या खोलीत लावले. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येते, आजीवन असा प्रकार अस्तित्वातच नाही. नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते आणि मुदत संपण्याआधी भाडे भरावे लागते. 'लाइफटाइम डोमेन' म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या वाक्यातच नमस्कार करावा.

मार्चमध्ये दुसरा फटका बसला. वेगळ्याच क्रमांकावरून एक बाई अत्यंत सभ्य हिंदीत बोलल्या की एक मोठी कंपनी तुमचेच नाव डॉट इन, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि डॉट को डॉट इनमध्ये घेत आहे, मूळ धारक म्हणून पहिला हक्क तुमचा आहे, चोवीस तासांत कळवा. हा सापळा जुना आहे हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत असेल, मला नव्हते. नाव ज्याने आधी मागितले त्याला मिळते, कोणताही नोंदणीदार दुसऱ्याला फोन करून परवानगी विचारत बसत नाही. चार नावांचे प्रत्येकी २,३६० प्रमाणे ९,४४० रुपये भरले. नंतर तपासले तेव्हा चारही नावे मोकळीच होती. कोणी घ्यायला निघालेही नव्हते आणि आमच्यासाठी कोणी घेतलीही नव्हती. त्या बाईंना आमच्याकडे नाव आहे हे कसे कळले, याचा तर्क तुम्हीच करा.

जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपायला आठवडा असताना त्या तरुणाने 'नूतनीकरण आणि देखभाल' म्हणून १७,७०० रुपये मागितले. तेव्हा मात्र मी प्रमाणपत्र काढून दाखवले. तो म्हणाला, "सर, मालकी आजीवनच आहे, चार्ज वेगळा असतो." मी पैसे दिले नाहीत आणि आमचे एक पानी संकेतस्थळ बंद पडले. मी थेट नोंदणीदार कंपनीला लिहिले, त्यांचे उत्तर आले की हे खाते दुसऱ्याचे आहे, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. ते नियमाने बरोबर होते. खाते त्याचे, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. सातबारा त्याच्या नावाचा आणि आम्ही वर्षभर बटईने कसत होतो.

डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर कोणतेही डॉट कॉम नाव टाकले की ते केव्हा नोंदले गेले आणि केव्हा संपते ते फुकट दिसते. धारकाचे नाव २०१८ पासून बहुधा झाकलेले असते, तारीख मात्र झाकलेली नसते. आमच्या नावापुढे १६ जानेवारी २०२४, १५ वाजून १४ मिनिटे असे दिसले. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. मिळवले. रात्रीचे ८ वाजून ४४ मिनिटे? ते तर माझ्या संदेशाच्याही आधीचे. घाईत चुकलो असेन म्हणून कागद घेऊन पुन्हा मांडले आणि ८:४४ च आले. मग चष्मा लावून नोंद पुन्हा वाचली तेव्हा १५:१४ नसून १५:४४ होते, म्हणजे रात्रीचे ९ वाजून १४ मिनिटे. माझ्या संदेशानंतर बरोबर तेवीस मिनिटांनी त्याने ते नाव हजारभर रुपयांत घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला एकवीस हजारांना 'काढून' दिले होते.

तरी एक आशा होती. मुदत संपलेले डॉट कॉम नाव लगेच मोकळे होत नाही. आधी पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत, मग दंडासह सोडवून घेण्याचे तीस दिवस आणि शेवटी पाच दिवस, असे साधारण ऐंशी दिवस जातात. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज फुली मारत होतो. अडतिसाव्या दिवशी त्याने त्याचे नूतनीकरण केले. आता त्या पत्त्यावर 'हे नाव विकणे आहे' असे झळकते.

यंत्रणांविषयी लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन वर्ष झाल्यावर खात्यात गोठवायला काय उरणार, म्हणून हा फोन फसल्या तासातच करा. तक्रार आमच्या पोलीस ठाण्याकडे आली. तिथल्या अंमलदारांनी सगळे ऐकून विचारले, "गुरुजी, तुमचं नेमकं काय चोरीले गेलं? मोटार गेली का, केबल गेली का? नावच गेलं ना, दुसरं ठेवा." दुसऱ्या खेपेस, प्रकार जानेवारी २०२४ चा म्हणून दंड संहितेचे ४२० लागते की १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेचे ३१८, यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली, चहा झाला, आणि माझा अर्ज 'चौकशीवर' ठेवला गेला. तिसऱ्या खेपेस जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याला गेलो तर तिथे म्हणाले की अर्ज ठाण्यातूनच यायला हवा. ठाण्यात परतलो तर साहेब बंदोबस्ताला. एसटीचे भाडे, झेरॉक्स, स्टॅम्प यांचे १,९२० रुपये मी वरच्या रकमेत धरलेले नाहीत, ते माझ्या निवृत्तिवेतनातले आहेत आणि तो माझा दंड समजतो. माझ्या सहा खेपांत एकानेही त्या तरुणाला एक फोन केला नाही, ज्याचा क्रमांक, बँक खाते आणि पावतीवरची सही मी तीन प्रतींत दिली होती.

कोणी सुचवले की नावाच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय लवाद असतो. असतो, पण तिथले एका सदस्याच्या निवाड्याचे शुल्कच १,५०० डॉलर आहे, आणि आपला व्यापारचिन्हाचा हक्क दाखवावा लागतो. बचत गटाने तो कुठून आणायचा? आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथेही खिडकीवर 'ही खरेदी व्यापारासाठी आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असे ऐकवले गेले, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी धरत नाहीत हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे, आणि ते कलम छापून नेल्यावरच अर्ज आत गेला.

नवे नाव आम्ही डॉट इनमध्ये घेतले, वर्षाला ७०८ रुपये. तपासले त्याच बैठकीत पैसे भरले, तोवर नाव घरच्यांपलीकडे कोणाला सांगितले नाही. खाते गटाच्या ईमेलवर, मोबाइल अध्यक्षांचा, आपोआप नूतनीकरण चालू. संकेतस्थळ बनवणारा वेगळा आणि त्याच्याकडे खात्याचा पासवर्ड नाही. पाकिटे छापली नाहीत, जुन्यांवरच नव्या नावाची चिठ्ठी चिकटवतो. १,३४० पाकिटे शिल्लक आहेत आणि दर गुरुवारी दहाही जणी आमच्या ओसरीवर बसून चिठ्ठ्या लावतात. त्या मला काही बोलत नाहीत. पत्नीने ते प्रमाणपत्र खोलीतून काढून हळदीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवले आहे, लॅमिनेशनमुळे ओल लागत नाही म्हणते.

आयोगाची पुढची तारीख लागायची आहे. पाठवलेल्या संदेशाची वेळ आणि शोधपानावरची ९ वाजून १४ मिनिटांची नोंद, या दोन कागदांवरच सारी भिस्त आहे. ज्यांचे नाव असेच कोणाच्या सांगण्याने 'महाग' झाले असेल त्यांनी जुना संदेश पुसण्याआधी आपल्या नावाची नोंदवेळ काढून पाहावी, आणि साडेपाच तास मिळवायला विसरू नये.