अठरानंतर कुठे? धुळ्यातली एक कार्यशाळा, एका आईच्या नजरेतून

विशेष मुलांसाठी शाळा आहेत, पण मूल अठरा वर्षांचं झालं की शाळा सुटते आणि पुढचं कोणी बोलत नाही. माझी सोनी आता सव्वीसची आहे. मध्यम स्वरूपाची बौद्धिक दिव्यांग. शाळा सुटल्यावर ती टीव्हीसमोर बसून राहायची आणि शिकलेलं एकेक विसरत चालली होती. आता ती देवपूरहून पांझरा नदी ओलांडून ज्या कार्यशाळेत जाते, तिच्याबद्दल लिहिते. असं काही आहे का, हे कितीतरी पालक विचारत असतात.

मला सगळ्यात आधी पटलं ते त्यांचं बोलणं. प्रवेशाच्या वेळी मॅडमनी माझ्याकडे न बघता सोनीलाच विचारलं, "तुला कोणतं काम करायला आवडेल?" आणि थांबल्या. सोनीला उत्तराला वेळ लागतो. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. बऱ्याच वेळाने सोनी म्हणाली, "च्या." म्हणून तिची सुरुवात चहापासून झाली.

ते चहा शिकवतात कसा, ते बघण्यासारखं आहे. पहिल्यापासून नाही, शेवटापासून. बाकी सगळं ताई करतात, सोनीने फक्त गाळणी धरून कपात चहा ओतायचा. ते हातात बसलं की गॅस बंद करणं तिच्याकडे आलं. मग उकळी आलेली ओळखणं, मग दूध, मग साखर-पावडर, आणि गॅस पेटवणं सगळ्यात शेवटी. यामुळे रोज तयार कप तिच्याच हातून पुढे जातो. अर्धवट काम टाकून उठायची तिची सवय त्यातच गेली. आता घरी मी ओट्याशी गेले की म्हणते, "माले येस, तू बस."

कामं तीन-चार प्रकारची आहेत: मेडिकलवाल्यांसाठी कागदी पाकिटं, उडदाचे पापड, दिवाळीला रंगवलेल्या पणत्या. उन्हाळा लागला की बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारीचा घाटा ताई शिजवतात, मुलं हात पाण्यात बुडवून ओल्या कापडावर थापतात. सोनीला बारापर्यंत मोजता येत नाही, तरी ती डझनाचं खोकं बरोबर भरते. पुठ्ठ्यावर बारा गोल काढलेले आहेत, प्रत्येक गोलावर एक पणती ठेवायची, रिकामा गोल उरला नाही की खोक्यात भरायच्या. एवढी साधी सोय, पण तिच्यामुळे मुलीच्या मालाला गिऱ्हाईक नाव ठेवत नाही. बिबडे तर मी स्वतः विकत घेते, तळल्यावर छान फुलतात.

मुलींच्या आयांसाठी वेगळं सांगते. पाळीच्या दिवसांत पॅड बदलणं, गुंडाळून टाकणं, कॅलेंडरवर खूण करणं हे बाई शिक्षिका दार लावून, न लाजता शिकवतात. अंगाला कोणी हात लावला तर मोठ्याने 'नाही' म्हणायचं आणि कोणाला सांगायचं, हेही शिकवतात. आमच्या घरात हा विषय कोणी काढला नसता. शिवाय रस्ता ओलांडणं, दहा-वीसची नोट ओळखून किराणा आणणं, एसटीत कार्ड दाखवून सवलतीचं तिकीट मागणं. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण तिकीट मागायला तोंड उघडावं लागतं, आणि सोनी आता ते उघडते.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या. मोबदला नगावर आहे. सावकाश करणाऱ्या मुलाने दिवसभर मान मोडून काम केलं तरी त्याच्या हातात फार थोडं पडतं. निदान हजेरीचे काही पैसे ठरवून द्यावेत, असं मी पालकसभेत बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे. शेड पत्र्याची आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळपाळी करतात, तरी धुळ्याचं ऊन अकरालाच अंगावर येतं. गाडी नाही, रिक्षाचा खर्च आपला. खेड्यावरच्या पालकांना हे झेपणार नाही. बाहेर दुकानात किंवा कारखान्यात मुलांना कामाला लावण्याची धडपडही कमी दिसते.

कागदपत्रांबाबत मात्र त्यांनी पालकांना स्वतःहून बसवून सांगायला हवं. मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान. बँकेत, मालमत्तेत त्याच्या वतीने सही करायला आई-बाप असणं पुरत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात बौद्धिक दिव्यांगांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विम्याची योजना आहे, एक लाखापर्यंतची. हे मला बँकेतून परत पाठवल्यावर दुसऱ्या एका पालकाकडून कळलं.

ज्यांचं मूल स्वतःचं स्वतः जेवतं, संडासला जाताना सांगतं आणि थोडा वेळ एका जागी बसतं, त्यांनी जरूर जाऊन बघावं. ज्याला पूर्ण वेळ माणूस लागतो, त्याच्यासाठी इथे पुरेशी माणसं नाहीत, आणि मॅडम तसं आधीच सांगतात. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि जुन्या शाळेचा दाखला सोबत न्या. मुलालाही न्या, कारण प्रश्न त्यालाच विचारतात.