पोरांनी बनवलेला पाण्याचा डबा: कृष्णाकाठच्या मोटारवाल्यांनी वाचा

आधीच सांगतो, हे दुकानात मिळत नाही, त्यामुळं कमेंटमध्ये लिंक मागू नका. सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींनी प्रोजेक्ट म्हणून बनवलाय. करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, वर वहीएवढं सोलर, खाली काळा गोल सेन्सर. नदीचं पाणी शेतीच्या पंपाच्या मोटारीजवळ यायला लागलं की फोनवर मेसेज येतो आणि मग कॉल वाजतो, बास एवढंच काम. नाव त्यांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक ठेवलंय पण आमच्याकडं सगळे डबाच म्हणतात. पलूस तालुक्यात नदीकाठी आमची भावकीची सामाईक मोटार आहे, तिथं गेला अख्खा पावसाळा हा डबा होता, त्यावरनं लिहितोय.

ज्यांचं रान नदीला नाही त्यांना यात एवढं काय असं वाटंल. तर विषय असा आहे, पंप पाणी खालनं ओढतो त्याला मर्यादा असते, साधारण सात मीटरच्या वर बसवला की ओढायला त्रास देतो, म्हणून मोटार काठावर खालीच चौथऱ्यावर बसवायला लागते, आणि खाली बसवली की पावसाळ्यात ती बुडणार हे पण ठरलेलंच. मग पाणी चढायला लागलं की केबल सोडा, नटबोल्ट खोला, चेनब्लॉक नाहीतर ट्रॅक्टर लावून मोटार वर ओढा, स्टार्टरची पेटी उचला, आणि हे सगळं चिखलात, बहुतेक वेळा रात्री, कारण पाणी काय आपल्याला विचारून चढत नाही. उशीर झाला तर मोटार गाळात. मग रिवायंडिंग (आतली तार परत गुंडाळायची), बेअरिंग, मिस्त्रीच्या दारात लाईन, कारण त्याच वेळी सगळ्या गावाच्या मोटारी त्याच्याकडं पडलेल्या असतात. आणि लवकर काढून ठेवली आणि पाणी आलंच नाही, वर पावसानं दडी मारली, तर उसाला पाणी कुठनं द्यायचं? म्हणजे दोन्हीकडनं मार.

आता कोण म्हणंल की पाण्याची पातळी तर रोज कळते. कळते की. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, सांगलीचा आयर्विन, सगळ्या पुलांचे आकडे ग्रुपवर येतात, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं ते पण येतं. पाटबंधारे खात्याचं ते काम चांगलंच आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, ती शहरासाठी. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागातल्या लोकांना तो आकडा जीव की प्राण आहे, २०१९ ला तिथंच पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं ते कोण विसरणार नाही. आमच्या मोटारीला मात्र ४० ची वाट बघायला लागत नाही, त्याच्या कितीतरी आधी ती पाण्याखाली असते. पुलाचा आकडा आणि माझ्या चौथऱ्याची उंची याचा हिशोब गावातले म्हातारे अंदाजानं लावतात आणि तरणी पोरं त्यावरनं भांडतात.

या पोरांचं मला पटलं ते इथंच. ती आली तेव्हा आधी लॅपटॉप काढला नाही. एका पोरीनं आमच्या तात्यांना विचारलं, तात्या, पाणी कुठपर्यंत आलं की तुम्ही मोटार काढायला घेता? तात्या म्हणाले, अगं त्या घडीव दगडाला लागलं की उठायचं आणि पायरीवरच्या चुन्याच्या रेघेला लागलं की पळायचं. पोरीनं टेप घेतली, चौथऱ्यापासनं दगड किती खाली, रेघ किती खाली, मोजून वहीत लिहिलं. पहिला इशारा दगडाला, दुसरा रेघेला. दुसऱ्या पोरानं विचारलं, मोटार काढायला माणसं गोळा व्हायला किती वेळ लागतो, कोण गावात असतं, कोण सांगलीला कामाला जातं, आणि त्यावरनं फोन नंबरांचा क्रम लावला. पहिल्याला कॉल, त्यानं नाही उचलला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आमच्यातला एक जण पहिला नंबर मलाच पाहिजे म्हणून अडून बसलेला, तो रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपतो हे सगळ्यांना माहीत, पण ते जाऊ दे.

पोरांनी आधी नुसता मेसेज ठेवलेला. तात्यांनी आयुष्यात मेसेज उघडलेला नाही. आणि मराठीतनं पाठवायचा तर एका मेसेजमध्ये ७० च अक्षरं बसतात, इंग्रजी अक्षरात १६० बसतात, त्यामुळं पोरांनी इंग्रजी अक्षरात मराठी लिहिलेली ती कुणालाच धड वाचता येईना. शेवटी छोटा मेसेज मराठीत, पाणी दगडाला लागलं, एवढाच, आणि सोबत कॉल. रात्री अडीचला अनोळखी नाही, डबा म्हणून सेव्ह केलेला नंबर वाजतोय म्हणल्यावर माणूस न उचलताच उठतो.

आता आतलं थोडं सांगतो, मला स्वतःला इलेक्ट्रिकलचा नाद आहे म्हणून उघडून बघितला. अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर काढतो. बाजारात दोन डोळ्यांचा निळा स्वस्त सेन्सर मिळतो, शाळेच्या प्रदर्शनात सगळीकडं तोच असतो, तो नदीकाठच्या दमट हवेत टिकत नाही, पोरांचा पहिला तसाच गेला. मग वॉटरप्रूफवाला घातला, त्याची खोड अशी की वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चौथऱ्याच्या वर आडव्या पाईपला टांगलाय. आणि उन्हाळ्यातल्या हवेत आवाज जोरात पळतो, थंडीत हळू, दहा डिग्रीचा फरक पडला की चार मीटरला सहा-सात सेंटीमीटर इकडंतिकडं होतं. त्यासाठी तापमानाचा वेगळा सेन्सर बसवलाय. खरं सांगायचं तर मोटार काढायला सात सेंटीमीटरनं काय फरक पडत नाही, हे त्यांच्या सरांना दाखवायला केलं असणार, पण केलंय नीट.

चार-साडेचार मीटरच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. नदी उन्हाळ्यात खाली गेली की डबा गप्प. सुरुवातीला लोक म्हणाले बिघडला. बिघडला नाही, त्याचं कामच शेवटच्या चौदा-पंधरा फुटांचं आहे. आणि मोटार काढली की डबा पण काढायचा, हे पोरांनी स्टिकर लावून लिहून ठेवलंय, कारण पाणी वर आलं तर तो पण मोटारीसारखाच बुडणार.

सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच आहे. रोज सकाळी सातला डबा एक मेसेज टाकतो, मी चालू आहे, बॅटरी एवढी. सुरुवातीला वैताग आला, रोज कशाला हे. नंतर कळलं, की पूर सांगणारं यंत्र गप्प आहे म्हणजे पाणी कमी आहे की यंत्र मेलंय हे कळणार कसं? सकाळचा मेसेज आला नाही की कोणतरी जाऊन बघतं. एवढा साधा विचार फोनवरनं मोटार चालू-बंद करायच्या महागड्या मोबाईल स्टार्टरमध्ये पण नसतो, आमच्याकडं एक आहे, ऑन म्हणून मेसेज येतो आणि रानात जावं तर मोटार बंद.

पावसाळ्यात झालं काय, तर काम केलं. जुलैमध्ये दगडाला पाणी लागल्याचा कॉल आला तेव्हा बाहेर पाऊस नव्हता, आकाशात चांदण्या दिसत होत्या, आणि पाणी वरच्या अंगाला झालेल्या पावसाचं होतं. उजाडायच्या आत मोटार वर. शेजारच्यांची राहिली.

आता दोष, आणि ते बारीक नाहीत.

पहिला, नेटवर्क. आतमध्ये जे सिमचं मॉड्युल आहे ते टूजीवर चालतं. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळं ते सिम घालून उपयोग नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्यायला लागतं, आणि काठावर त्या दुसऱ्या कंपनीची रेंज एक कांडी. वर हे मॉड्युल कॉल लावताना एका झटक्यात दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, बॅटरी जरा उतरलेली असली की डबा बंद पडून परत चालू होतो आणि कॉल राहतोच. पोरांनी मोठा कपॅसिटर लावून ते बरंचसं सुधारलं. पण टूजी किती वर्षं चालणार हा प्रश्न आहेच, फोरजीचं मॉड्युल घाला म्हणून मी सांगितलंय, खर्च वाढंल पण करा.

दुसरा, सोलर. पूर कधी येतो? आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा. म्हणजे डब्याला काम असतं नेमक्या त्याच दिवसात त्याला चार्जिंग नसतं. पोरांनी दर पंधरा मिनिटांनी मोजायचं आणि मधल्या वेळात झोपायचं असं सेटिंग केलंय, त्यामुळं बॅटरी बरी टिकते, तरी झडीत सकाळच्या मेसेजमधला आकडा रोज खाली यायचा आणि धाकधूक व्हायची. सेल एक-दोन जास्तीचे घाला की राव, डब्यात जागा आहे.

तिसरा, कोळी. हसू नका. सेन्सरच्या खाली कोळ्यानं जाळं विणलं आणि डब्याला वाटलं पाणी आलं. भर दुपारी सगळ्यांचे फोन वाजले, ट्रॅक्टर घेऊन माणसं हजर, आणि नदी कुठंतरी खाली निवांत. त्यानंतर पोरांनी एकाएकी उडी मारलेला आकडा धरायचा नाही, लागोपाठ काही वेळा तेच आलं तरच कॉल, असं केलं. जलपर्णी वाहत आली की अजून पण थोडा गोंधळतो.

पण खरा दोष यंत्रात नाहीच. जूनमध्ये पोरं पास आऊट झाली. एक पुण्याला, एक बंगळुरूला, दोघं स्पर्धा परीक्षेच्या मागं. सिमचं रिचार्ज संपलं तर कोण मारणार, कोड कुणाकडं आहे, नंबर बदलायचा झाला तर काय करायचं? ती पोरं चांगली म्हणून अजून फोन उचलतात, पण नोकरीत रुळल्यावर किती दिवस उचलतील. याच्या आधी दुसऱ्या एका ग्रुपनं आमच्याच उसात ओल मोजायचं यंत्र रोवलेलं, फोटो काढले, सर्टिफिकेटवर सही घेतली आणि गेले ते गेलेच. त्याच्या काट्यांतनं करंट जात राहिल्यानं एका सीझनमध्ये गंजून खल्लास, अजून बांधावर पडलंय.

कॉलेजच्या प्रदर्शनांना मी हौसेनं जातो. दरवर्षी झाकण उघडणारा स्मार्ट कचऱ्याचा डबा असतोच, हात नेला की झाकण उघडतं आणि सगळे टाळ्या वाजवतात, पण कचरा घरात साठतो तो घंटागाडी आली नाही म्हणून, झाकणामुळं नाही. अंधांसाठी वाजणारी काठी पण दरवर्षी असते, आणि ती एखाद्या अंध माणसाच्या हातात देऊन बघितली का म्हणून विचारलं की पोरं सरांकडं बघतात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासनं चालू आहे, विद्यापीठांची आविष्कार स्पर्धा आहे, डोकी पण आहेत आपल्याकडं. मार्क मात्र डेमोला मिळतात. पुढच्या पावसाळ्यात चालू आहे का, याला कुणी दहा मार्क ठेवले तर निम्मे प्रोजेक्ट आपोआप बदलतील. डब्याची गंमत ही की त्यात नवीन म्हणावं असं काहीच नाही, सगळे पार्ट बाजारातले, पण मोजमाप तात्यांच्या दगडाचं आहे.

पैशाचं म्हणाल तर पोरांनी पार्टचाच खर्च घेतला, साडेचार हजाराच्या आसपास, मजुरी नाही. सिम आणि पाईप आपला. एका रिवायंडिंगच्या बिलापुढं हे काहीच नाही. माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन. मागं कुणी बघणारं असतं तर साडेचार दिले असते.

कुणी घ्यावा: सामाईक मोटार आहे, चार-पाच नंबर देता येतात, आणि ग्रुपमध्ये निदान एक जण पाना-पक्कड धरणारा आहे त्यांनी. एकट्याची मोटार असंल आणि घर काठालाच असंल तर सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा, पैसे वाचवा. सबमर्सिबलवाल्यांनी, म्हणजे पाण्यातच बुडवून चालवायचा पंप आहे त्यांनी, याच्या नादाला लागू नये, त्यांचा विषयच वेगळा.

घेताना तीन गोष्टी पोरांकडनं लिहून घ्या, आम्ही नंतर मागं लागून घेतल्या: वायरिंगचा कागद, कोडची फाईल पेनड्राईव्हमध्ये, आणि नंबर कसा बदलायचा ते मराठीत. आमच्या गावातला मोबाईल रिपेअरवाला तो कागद बघून आता सेल बदलून देतो, सिमचं रिचार्ज पाणीपट्टीच्या वर्गणीतनं जातं, वही तात्यांकडं. पोरांच्या कॉलेजात यंदाची नवीन बॅच हाच डबा पुढं न्यायचा म्हणतीय, फोरजी घालून. त्यांना आपल्या काठावर बोलवायचं असंल तर मे महिन्यातच बोलवा, पाईप ठोकायला कोरडा चौथरा लागतो आणि जूनमध्ये त्यांच्या परीक्षा लागतात.